आबांच्या चपलांचा आवाज

जानेवारीतल्या एका दुपारी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, चपला आमच्या जिन्यातून वर आल्या. वडील जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

आई हॉलमध्ये खुर्चीत बसून टीव्हीवर कुणाच्या तरी हातचं भरलं वांगं बघत होती आणि त्यात काय चुकलं ते मला सांगत होती. मी टेबलापाशी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. तेवढ्यात खालून करकर असा आवाज आला. पायऱ्या चढत आला, चढत राहिला. कोल्हापुरात चपला वाजणं यात नवल काही नाही, पण प्रत्येक जोडाची करकर वेगळी असते. हा आवाज मी ओळखला. आईनंही ओळखला.

तिनं आधी टीव्ही बंद केला. एरवी खुर्चीतून उठताना गुडघ्यांच्या नावानं दोनदा ओरडणारी ही बाई एका झटक्यात उठली. पदर डोक्यावरून घेतला. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, ते दाराशी ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आणि मी, पंचावन्न वर्षांची, हायस्कुलातली गणिताची बाई, पेनाला टोपण लावून पेपरांचा गठ्ठा सरळ करत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालत होते.

दार उघडून माझी मुलगी आत आली.

तिनं काळी इरकल नेसली होती. मनगटावर आबांचं चावीचं घड्याळ, गळ्यात आईची ठुशी, डोळ्यांवर बिननंबराचा गोल चष्मा. पायात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या, पण बायकांच्या नाजूक वेण्या असलेल्या नव्हेत. रुंद पट्ट्याच्या, जाड तळाच्या, पुरुषी.

"आजी, ओळखलास का आवाज?" तिनं विचारलं. तोंडभर हसत होती. "सेम आबांच्या चपलांसारखा. मुद्दाम तसा करून घेतलाय, तुझ्यासाठी."

आईनं वाकून तांब्या उचलला आणि तिच्यापुढं धरला.

"व्हय," ती म्हणाली. "ओळखला की."

मुलीनं पाणी प्यायलं, आजीच्या गालाला गाल लावला आणि चपला तशाच घालून घरभर दोन फेऱ्या मारल्या. आईची नजर तिच्या पायांवरून हलत नव्हती. मुलगी कपडे बदलायला आत गेली तेव्हा कुठं आई खाली बसली. वांग्याचा कार्यक्रम पुन्हा लावायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या मुलीचा धंदाच जुन्या वळणाच्या सजावटीचा आहे. लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढायची पद्धत पडली आहे, त्यात या जोड्यांना आजीआजोबांच्या काळातलं दिसायचं असतं. ती त्यांना तसं सजवते. कुणाला फेटा आणि कोट, कुणाला नऊवारी आणि चंद्रहार, कुणाच्या हातात उगाच एक जुनी पत्र्याची ट्रंक. हौसेला मोल नसतं. तिची नजर चांगली आहे हे मी आई म्हणून नव्हे, तर एक खडूस बाई म्हणून सांगते. नवीन वस्तू घाईत केलेली असते, जुनी वस्तू कुणीतरी वेळ देऊन केलेली असते, म्हणून ती टिकते आणि अंगावर शोभते, असं तिचं म्हणणं. ते मला पटतंसुद्धा. त्या जुन्या काळाबद्दल मात्र ती जे बोलते ते ऐकताना मी भांडी घासायला जाते. दुरून डोंगर साजरे असतात. आम्ही त्या डोंगरात राहिलो आहोत.

आबांचा जुना जोड आमच्याच माळ्यावर होता. ते गेले आणि आई आमच्याकडं राहायला आली, तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. तो जोड टाकायला निघालो तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवला आणि विसरले. तिनं तो शोधून काढला आणि नमुना म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेला. म्हाताऱ्यानं जोड उलटा करून पाहिला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही तर आमच्या बाच्या हातची. हा टाका त्येचाच." मग त्यानं सगळं तसंच केलं. चामडं तेच, शिवायची वादी तीच, आणि तळाच्या दोन थरांमध्ये आवाजासाठी जी खुबी घालतात तीही बापानं घातली होती तशीच. हे सगळं मला मुलगी डोळे मोठे करून सांगत होती. मी "छान" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मुकादम होते. हमालांवर त्यांचा वचक होता आणि त्या वचकाचं सगळे कौतुक करायचे. मंगळवार पेठेत एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी. आबा गिरणीपाशी वळले की त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. पुरुषाचं येणं आधी कळलं पाहिजे, अशी तेव्हा रीतच होती. वाजणाऱ्या चपला घालणारा म्हणजे तालेवार, असं समजत. बायकांच्या चपला वाजत नसत. आईला तर चपला होत्या की नाही तेही मला आता आठवत नाही.

गिरणीपासून आमच्या दारापर्यंत यायला आबांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आम्ही घर बदलून टाकायचो. रेडिओ बंद. शेजारच्या अक्का गप्पा मारायला आलेल्या असायच्या, त्या मागच्या दारानं पसार. आई पदर घेऊन, तांब्या दाराशी ठेवून, चौकटीला पाठ लावून उभी. पाठ लावून उभं राहायचं कारण मला खूप पुढं कळलं. पाठ भिंतीला असली की मागून मार बसत नाही.

हो, आबा मारायचे. दारू पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते, सगळा पगार घरी देत होते. त्यामुळं आईला तक्रार करायलाही जागा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रेडिओ चालू दिसला की मार, भाकरी गार झाली की मार, आई हसताना दिसली तर तो दिवस वाईटच. मला फारसं मारलं नाही. पण माझं काम होतं ऐकण्याचं. मी बोळाकडच्या खिडकीत अभ्यास करायचे आणि कान गिरणीकडं लावायचे. पाढे म्हणता म्हणता करकर ऐकू आली की मी मोठ्यानं "आई" म्हणायचे. एवढंच. पुढचं तिला ठाऊक असायचं.

पण वर्षातले चार महिने हे बंद पडायचं. कोल्हापुरी चपलेला पाणी चालत नाही. भिजली की फुगते, मग कुजते. मिरग लागायच्या आत आबा स्वतःच्या हातानं चपला पुसायचे, तेल लावायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. इतक्या मायेनं त्यांनी घरातल्या कशालाच हात लावलेला मी पाहिला नाही. दिवाळीच्या तोंडावर ते बंडल खाली यायचं. तोपर्यंत पायात रबरी चपला. त्या वाजत नाहीत. वर पत्र्यावर पावसाचा धडाका. गिरणीपासून कुणी येतंय की नाही, काही कळायचं नाही. त्या चार महिन्यांत आई रेडिओ लावायचीच नाही. अक्का यायच्या नाहीत. आई दर थोड्या वेळानं दाराकडं बघायची आणि मी बघायचे आईकडं.

एका वर्षी मिरग नुकताच लागला होता, मी नऊ वर्षांची असेन, आईच्या माहेरी नेसरीला तिच्या भाच्याचं लग्न ठरलं. आबांनी जायला परवानगी दिली होती. लग्नाला चार दिवस होते. दुपारी आईनं ट्रंकेतून ठुशी काढली. सोन्याच्या बारीक मण्यांची, गळ्याला लागून बसणारी. तिच्या आईनं दिलेली. ती भिंतीवरच्या आरशापुढं उभी राहून मागची दोरी ओढत होती आणि मला विचारत होती, "बघ की गं, बरी दिसती का मी?" ती हसत होती. मी म्हणाले, "लई भारी दिसतीस." आम्ही दोघी हसत होतो.

आबा दारात उभे होते. छत्रीतून पाणी गळत होतं. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक.

"कुणासाठी नटतीयास?" त्यांनी विचारलं.

आईनं हात मागं नेला, दोरी सैल करायला. त्याआधीच त्यांनी ठुशीत दोन बोटं घातली आणि ओढली. मणी घरभर गेले. मग जे झालं ते मी लिहिणार नाही. झाल्यावर ते पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ."

ते पुन्हा अडतीवर गेल्यावर आईनं कणीक भिजवून तिचा एक गोळा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. फरशीच्या भेगांत गेलेले मणी बोटांना सापडत नाहीत, पण कणकेला चिकटतात. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून फरशी टिपत राहिलो. बरेच मिळाले. काही मोरीतून गेले. नेसरीला निरोप गेला की ताप आलाय. सोनारानं उरलेल्या मण्यांत ठुशी पुन्हा ओवून दिली, तेव्हापासून ती आखूड आहे. आईच्या गळ्याला ती नंतर कधी नीट बसली नाही.

माझ्या मुलीचा गळा सडपातळ. तिला ती चपखल बसते. तिच्या भाषेत चोकर. "बघ ना, जणू माझ्याच मापाची केलीय," असं ती म्हणते, आणि फोटोत खरंच फार सुंदर दिसते.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर लबाडी होईल. माझ्या मुलीनं पाहिलेले आबा वेगळे होते. नात झाली आणि तो माणूस विरघळला. तिला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर फिरवायचे. ती त्यांच्या मोठाल्या चपलांत पाय घालून बोळभर चालायची, त्या वाजवायचा प्रयत्न करायची, आणि ते पोट धरून हसायचे. चौकटीशी उभी असलेली आई ते बघायची. मीही बघायचे. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचा रागही यायचा. हा माणूस असं हसू शकत होता, तर मग आमच्या वेळेला काय झालं होतं? पण मी लेकीला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय आजोबा मिळाले आहेत एका पोरीला, तर मिळू देत, असंही वाटलं.

तर त्या नव्या चपला घरात आल्या आणि रोज वाजू लागल्या. रोज दुपारी जिन्यात करकर, रोज टीव्ही बंद, पदर, तांब्या, चौकट. मुलीला वाटलं, आजीला ही गंमत आवडली. आठवड्याभरानं तिनं दारातून मोबाईल धरून ते सगळं टिपलं आणि त्याची रील केली. खाली लिहिलं, की आजोबांना जाऊन तेरा वर्षं झाली, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की आजी अजून पाणी घेऊन उभी राहते.

हजारो लोकांनी ती पाहिली. मीही पाहिली, स्टाफरूममध्ये, शेजारच्या बाईंनी दाखवली म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, याला म्हणतात प्रेम. असं नातं आता कुठं. एका होणाऱ्या नवरीनं लिहिलं होतं, माझ्या नवऱ्यालाही असाच वाजणारा जोड हवा. मी मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "हो, माझीच आई." हजारो माणसं माझ्या आईचं भ्यायलेलं तोंड बघून गहिवरली होती आणि त्यातल्या एकालाही ते भ्यायलेलं दिसलं नव्हतं.

संध्याकाळी आई गॅलरीत मेथी निवडत होती. मी शेजारी बसले.

"आई," मी म्हटलं, "पोरगी हाय गं ती. आबा न्हाईत आता. कशाला उठतीस?"

ती काडीवरून पानं ओरबाडत राहिली.

"मला काय येड लागलंय व्हय?" ती म्हणाली. "म्हाईत हाय की मला. शेवटचं पाणी मीच घातलंय त्येंच्या तोंडात. डोस्क्याला समदं कळतंय. पायास्नी कोण सांगणार?"

मग तिनं निवडलेली मेथी माझ्याकडं सरकवली आणि धुऊन आण म्हणाली.

मी ठरवलं, सांगायचं. ठरवल्यावरही चार दिवस घालवले. रविवारी सकाळी मुलगी वाटीत रिठ्याचं पाणी घेऊन ठुशी धूत बसली होती. एक जुना टूथब्रश घेऊन मणी अगदी हळू घासत होती. माझा नवरा बाजारात गेला होता, आई अंघोळीला. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "ती तुझ्या मापाची नाही. ती आखूड झालेली आहे."

आणि सांगितलं. आरसा, छत्री, कणकेचा गोळा, गिरणी, खिडकी, चौकट. मी वर्गात प्रमेय सांगते तसं एकामागून एक सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. तिचा ब्रश थांबला होता.

मला वाटलं होतं ती रडेल. ती चिडली.

"मग मला त्यांच्या मांडीवर का बसवलंस?" ती म्हणाली. "मला लाड का करून घेऊ दिलेस? आजी तिथं उभी असायची, आणि मी त्यांच्या चपला घालून नाचत होते, आणि तू बघत होतीस?"

"तू लहान होतीस."

"आता कुठं लहान आहे? तो जोड मी माळ्यावरून काढला तेव्हा तू इथंच होतीस की. छान म्हणालीस."

तिनं ठुशी पाण्यातून काढून फडक्यावर ठेवली आणि उठून गेली. दुपारी पाहिलं तर ती रील काढून टाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती चपला घेऊन त्या कारागिराकडं गेली आणि आवाज काढून द्या म्हणाली. म्हातारा तिच्यावर चांगलाच तापला. "वाजीव म्हणून येत्यात समदी," तो म्हणाला. "मुकी करा म्हणून आजवर कोण आलं न्हाय." शेवटी तिचा पडलेला चेहरा बघून त्यानं तळाची शिवण उसवली, मधली खुबी काढली आणि परत शिवून दिली. चपला आता अगदी गप्प झाल्या.

हे सगळं तिनं मला फोनवर तुटक शब्दांत सांगितलं, आणि मला बरं वाटलं. निदान एक चूक दुरुस्त झाली, असं वाटलं. गप्प पायांवर माझा फार विश्वास होता. काही वर्षांपूर्वी शाळेत मला टाचांचे सँडल घालायची सवय होती. एकदा व्हरांड्यातून जाताना वर्गातून कुजबुज ऐकू आली, "आली, आली, गप बसा," आणि आत चिडीचूप. माझा स्वभाव तापट आहे, तो कुणाकडून आला हे सांगायला नको. ती चिडीचूप मी ओळखली. मी ती खिडकीत बसून शिकलेली होते. त्याच दिवशी मी मऊ तळाचे बूट घेतले, आणि त्यानंतर इतकी वर्षं मनात स्वतःची पाठ थोपटत आले, की आपल्या पावलांना कुणी घाबरत नाही.

त्या दुपारी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मांडीवर परात, टीव्ही चालू. सकाळची शाळा आटोपून मी आत होते. जिन्यात काहीच वाजलं नाही. मुलीनं तिच्या किल्लीनं दार उघडलं आणि ती आत येऊन आजीच्या खुर्चीमागं उभी राहिली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून.

परात पडल्याचा आवाज ऐकून मी बाहेर धावले. शेंगा हॉलभर झाल्या होत्या. आई उठली नव्हती. तिला उठताच आलं नव्हतं. ती खुर्चीत आक्रसून बसली होती, एक हात डोक्यावर आडवा धरलेला. मुलगी दोन पावलं मागं सरकली होती, पांढरी फटक.

आईनं हात खाली घेतला. मुलीकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं, मग खिडकीबाहेर. बाहेर लख्ख ऊन होतं.

"पावसाळा लागला व्हय?" तिनं विचारलं.

मुलीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात धरला आणि आजीच्या पायाशी शेंगांत बसली.

"आजी, मी आवाज काढून आणला," ती म्हणाली. "तुला त्रास नको म्हणून. मला आईनं सगळं सांगितलं."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. पण मी नजर खाली घेतली.

"काढायचा न्हाय आवाज," ती म्हणाली. एकेक शेंग परातीत टाकत बोलत होती, आणि आम्ही दोघी ऐकत होतो. "वाजत आलं की बरं असतंय. गिरणीपास्नं दारापत्तूर टायम गावायचा मला. पदर घ्याया, हिला आत घालवाया. तेवढ्यात जीव घट्ट करायची मी. आता बी वाजलं की मी उठती, हुभी ऱ्हाती, तू दिसलीस की बसती. संपलं. न वाजता आलं की माझ्यानं उठाय बी होत न्हाय बघ."

आयुष्यभर मी त्या आवाजाचा द्वेष केला. तो आवाज म्हणजेच आबा, असं मी धरून चालले होते. गिरणीपासून दारापर्यंतचा तो थोडासा वेळ ही आबांनी आम्हाला दिलेली एकमेव सवलत होती, आणि त्यांना ती दिल्याचं माहीतही नव्हतं. आणि शाळेतली पोरं इतकी वर्षं माझ्या मऊ बुटांपुढं दचकत होती. एकदा एका मुलीच्या हातून कंपासपेटी पडून सगळं सांडलं होतं, आणि मी तिलाच म्हणाले होते, लक्ष कुठं असतं तुझं. आता मी वर्गाबाहेर थांबून आधी खोकते. पोरांना वाटतं बाईंचा घसा खराब आहे.

मुलगी चपला घेऊन परत त्या म्हाताऱ्याकडं गेली. त्यानं तिला दारातच थांबवून विचारलं, की पावणं, तुमास्नी नक्की पायजे काय? तिनं काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण त्यानं खुबी पुन्हा घालून दिली. ठुशीही ती अजून घालते. कुणी सुंदर म्हणालं की पूर्वीसारखी खुलत नाही, "आजीची आहे" म्हणते आणि विषय बदलते. माझ्याशी नीट बोलायला तिनं महिना घेतला. आबांचा फोटो तिच्या टेबलावर होता, तो आता तिथं नाही. टाकला नाही, कुठंतरी ठेवला आहे. त्यांचं घड्याळही तिथंच असेल.

दुपारी करकर येते. आई टीव्ही बंद करते, पदर घेते, तांब्या आणते, चौकटीशी उभी राहते. मी आता तिला बस म्हणत नाही. मुलगी पहिल्या मजल्याच्या वळणावर येऊन मुद्दाम थांबते. आजीला वेळ मिळावा म्हणून.